खिडकी लावली की ऐकू येणारी हाक

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहिलं कधीच नाही. एक तर लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इथलं निम्मं मला पटायचंच नाही. मी स्टाफ नर्स आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं नाईट ड्युटी करतेय. अमक्या बेडवर कोणीतरी बसलेलं दिसतं, तमकी लिफ्ट आपोआप वर जाते... असल्या गोष्टी वॉर्डातल्या मावश्यांकडून रोज ऐकते, हसते आणि राउंडला निघते. माणूस गेल्यावर काय होतं ते मी फार जवळून पाहिलंय. काही होत नाही. चादर बदलतात.

त्यात आमचं घर बौद्ध. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव-देवस्की, अंगारे-धुपारे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं ते गेलं. सासरे, म्हणजे आमचे अप्पा, त्याच वळणाचे. बिल्डिंगमध्ये कोणी दाराला लिंबू-मिरची टांगलेली दिसली की अप्पा बेल दाबून आत जायचे, चहा प्यायचे आणि शांतपणे विचारायचे, "मिरचीला कसं कळतं हो, कोण चांगला आणि कोण वाईट?" लोक चिडायचे, पण पुढच्या वेळी पुन्हा चहाही द्यायचे.

तर अशा घरातली ही गोष्ट आहे. म्हणूनच लिहायला इतका वेळ लागला.

आम्ही राहतो डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडला अगदी लागून. पाचवा मजला. मी, माझा नवरा संदीप आणि अप्पा. मुलगी शिकायला नाशिकला असते. अप्पा आधी आंबिवलीला राहायचे, तिथेच कंपनीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं.

मानपाडा रोड ज्यांना माहीत आहे त्यांना आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको. एमआयडीसीकडे जाणारे ट्रक, रिक्षा, मेट्रोचं काम, आणि लग्नाचा सीझन असला की हळदीचे डीजे. आमच्या खिडक्या जुन्या अॅल्युमिनियमच्या, सरकत्या. बंद केल्या तरी फटीतून सगळं आत. बस थांबली की कपाटाची काच थरथरायची. मी ड्युटी करून सकाळी यायची, कानात कापूस घालून, डोक्यावर उशी घेऊन पडायची, तरी झोप कसली लागते. एकदा हॉस्पिटलात इंजेक्शन भरताना माझेच हात कापायला लागले तेव्हा माझी मीच घाबरले.

त्यात अप्पांना झटका आला. सौम्यच होता, डावा हात थोडा जड झाला, बाकी चालते-बोलते होते. पण बीपी काही केल्या खाली येईना. डॉक्टर म्हणाले, "यांना झोप नाहीये. झोप मिळू द्या, निम्मं औषध तेच आहे."

मग संदीपने मनावर घेतलं. त्याचं म्हणजे एकदा डोक्यात शिरलं की त्या विषयाचे सगळे व्हिडिओ पाहून संपवायचे. जेवताना मला समजवायचा... आवाज पाण्यासारखा असतो, जिथे फट मिळेल तिथून शिरतो. नुसती जाड काच लावून उपयोग नाही. दोन काचा पाहिजेत, त्यांच्या जाडीत फरक पाहिजे, मध्ये हवा कोंडलेली पाहिजे, एका काचेच्या पोटात पातळ फिल्म पाहिजे, आणि फ्रेमला चारी बाजूंनी रबर. खिडकी लावल्यावर हँडल फिरवलं की रबर दाबलं जातं आणि फट उरतच नाही.

कल्याणच्या एका दुकानातून माणूस आला. त्याच्याकडे एक पेटी होती, आत रिक्षाचा हॉर्न बसवलेला. हॉर्न वाजवला, पेटीचं काचेचं झाकण लावलं... आवाज गायब! झाकण उघडलं की कर्कश हॉर्न, लावलं की नुसती कुजबुज. अप्पा लहान मुलासारखे ते झाकण उघडत-लावत बसले. शेवटी म्हणाले, "हॉर्न वाजतोच आहे, फक्त आपल्याला कळत नाही. बरोबर ना?"

"बरोबर, अंकल," तो माणूस म्हणाला.

खिडक्या बसल्या. सगळ्या घराला. पहिल्यांदा हँडल फिरवलं तो क्षण मी विसरणार नाही. रस्ता कोणीतरी पुसून टाकला असं वाटलं. खाली ट्रक चाललेला दिसत होता, आवाज नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. फ्रिज गुणगुणतो हे मला त्या दिवशी कळलं. मी गिळलेला आवंढासुद्धा मला ऐकू आला. संदीप नुसता हसत उभा होता आणि अप्पा हळूच म्हणाले, "आंबिवलीला पूर्वी अशी दुपार असायची."

पुढचे काही आठवडे इतके सुखाचे गेले की काय सांगू. मी मेल्यासारखी झोपायची. अप्पांचं बीपी उतरलं. चेहऱ्यावर तकाकी आली. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

मग एका दुपारी मला हाकेने जाग आली.

पुरुषाचा आवाज. लांबून आलेला, एखादा माणूस शेताच्या त्या टोकाहून इकडच्याला बोलावतो ना, तसा. शेवटचं अक्षर ताणलेलं. नाव नीट कळलं नाही. मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा आली. मला वाटलं, भाजीवाला असेल, नाहीतर कोणी वॉचमनला बोलवत असेल. उठून खिडकी उघडली. धाडकन सगळा मानपाडा रोड अंगावर आला. हॉर्न, ड्रिल, ब्रेक. हाक कुठेच नाही. खिडकी लावली, हँडल फिरवलं. शांत. मी पुन्हा आडवी झाले, डोळा लागतच होता आणि...

"ए धोंड्याऽऽ..."

या वेळी नाव स्पष्ट ऐकू आलं.

तेव्हा भीती वगैरे काही वाटली नाही. रागच आला. एवढी खटपट करून खिडक्या बसवल्या आणि कुठल्या तरी धोंड्याला कोणीतरी बोलावतंय ते आत येतंच आहे. रात्री ड्युटीला निघताना संदीपला बोलले. त्याने लगेच कारण काढलं. म्हणे बाथरूमच्या एक्झॉस्टची भोकं राहिलीत, डक्टमधून आवाज वर येतो. रविवारी त्याने ती भोकं फोम घालून बुजवली. मुख्य दाराच्या खालीसुद्धा रबराची पट्टी मारली.

त्यानंतर हाक आणखी स्पष्ट यायला लागली.

डोक्यात खरा प्रश्न आला तो तेव्हा. अरे, जी काच ट्रकचा हॉर्न अडवते ती एका माणसाची हाक का अडवत नाही? आणि ती फक्त खिडकी बंद असतानाच का येते?

एका संध्याकाळी मी आणि अप्पा चहा घेत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "अप्पा, आपल्या बिल्डिंगमध्ये धोंडू नावाचं कोणी आहे का हो? दुपारभर कोणीतरी धोंड्या, धोंड्या करत असतं."

अप्पांनी कप खाली ठेवला. ठेवताना थोडा चहा बशीत सांडला.

"तुला पण ऐकू येतं?"

"तुम्हाला पण येतं?"

त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाले, "पहिल्या आठवड्यापासून येतंय. मला वाटलं, झटक्याने कानाचं काहीतरी झालं. म्हणून बोललो नाही. म्हटलं, उगाच पुन्हा तपासण्या."

"पण कोण आहे हा धोंड्या?"

"मी."

मला वाटलं, थट्टा करतायत. अप्पांचं नाव अशोक. रेशनकार्डावर, पेन्शनवर, सगळीकडे अशोक.

"दीक्षेच्या आधीचं नाव," ते म्हणाले. "मी लहान होतो. वडिलांनी घरातली सगळी जुनी नावं बदलली. दगडाधोंड्यांची नावं आता नकोत म्हणाले, माणसाची नावं ठेवा. तेव्हापासून मी अशोक. आईनेसुद्धा परत कधी त्या नावाने हाक मारली नाही. एक फक्त आमचा दादा. थोरला भाऊ. मला चिडवायला मुद्दाम धोंड्या म्हणायचा. अगदी म्हातारपणीसुद्धा, कोणी नसलं की."

"दादा म्हणजे..."

"तुझं लग्न व्हायच्या आधीच गेला तो. आजारी होता. आंबिवलीतच गेला." मग कप हातात घेत म्हणाले, "आवाज त्याचाच आहे, वैशाली. मी मानत नाही असलं काही. पण आवाज त्याचाच आहे."

संदीपला हे नाव माहीतच नव्हतं. मी आडून विचारून पाहिलं. म्हणाला, "धोंडू? आमच्यात? छे."

मग आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि अप्पांनी, ते पारखून पाहायचं ठरवलं. अप्पा फिटर माणूस. मशीनला आवाज का येतो हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला. दुपारी आम्ही घरभर फिरायचो. बाथरूममध्ये कान लावला, भिंतींना लावला, मुख्य दाराला लावला. नाही. आवाज एकाच ठिकाणाहून यायचा... अप्पांच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी. काचेला कान लावला की हाक इतकी जवळून यायची की काच गार लागायच्या ऐवजी कोमट लागतेय की काय असं वाटायचं. आणि खिडकी बोटभर उघडली की संपलं. फक्त रस्ता.

पाचवा मजला आहे. खिडकीबाहेर आमचं बॉक्स ग्रिल, त्यात मनीप्लांटच्या दोन कुंड्या. त्यापलीकडे नुसती हवा.

अप्पा हसून म्हणाले, "भूत असतं तर काच बंद असली काय नि उघडी असली काय, त्याला काय फरक पडतो? काहीतरी कारण असणार. सापडेल."

मलाही तेव्हा तेच वाटत होतं. त्यांच्या बरोबर ते शोधताना भीती अशी वाटायचीच नाही.

पण मग हाक बदलली. आधी फक्त नाव असायचं. नंतर त्याच्यापुढे एक शब्द आला.

"धोंड्याऽऽ... उघड."

हुकूम नव्हता त्यात. उशिरा घरी आलेला भाऊ दाराबाहेरून हळूच म्हणतो ना, आई-बापाला कळू नये म्हणून, तसा तो स्वर. मला तोच सगळ्यात जास्त लागला.

त्यानंतर अप्पांनी कारण शोधणं सोडून दिलं. खुर्ची खिडकीशी ओढून बसायला लागले. टीव्ही नको, पेपर नको. मी उठून त्यांच्या खोलीत डोकावले तर काचेकडे बघत असायचे. रस्त्याकडे नाही बरं का. काचेकडे, समोर, कोणी तिथे उभं असल्यासारखं. एकदा मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "थांब रे, येतो. सून झोपली नाहीये अजून."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. कारण तो आवाज ऐंशीच्या घरातल्या माणसाचा नव्हता. स्वर म्हाताराच होता, पण बोलणं एखाद्या पोराचं होतं... मोठ्या भावाबरोबर खेळायला निघालेल्या पोराचं.

"अप्पा!" मी जोरात म्हटलं. ते वळले, माझ्याकडे असं पाहिलं की मी कोण ते पटकन आठवत नाहीये. मग आठवलं. "ठेव तिकडे," म्हणाले.

बीपी पुन्हा चढायला लागलं.

मी संदीपला सगळं सांगितलं. अप्पांनी नको म्हटलेलं, तरी सांगितलं. तो रविवारी दुपारभर अप्पांच्या खोलीत बसला. मीही बसले. हाक आली. मी अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी माझ्याकडे. मी संदीपला म्हटलं, "आली. ऐकलीस?"

"काय?"

पुन्हा आली. "ही बघ, आत्ता."

तो खिडकीशी गेला, कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ तसा उभा राहिला. मग वळून म्हणाला, "वैशाली, काही नाहीये गं."

आम्ही हॉलमध्ये आलो तेव्हा त्याने दार लोटून घेतलं. "अप्पांचं मी समजू शकतो, त्यांच्या मेंदूला मार बसलाय. पण तू? इतकी वर्षं नाईट करतेयस, तुला पण कोणालातरी दाखवायला हवं."

"मला धोंड्या हे नाव कुठून कळलं मग?"

"अप्पा झोपेत बडबडले असतील, तू ऐकलं असशील."

त्याच्यावर चिडता पण येईना. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पेशंटच्या नातेवाइकांना मी हेच सांगत आलेय. डॉक्टरांशी बोलून अप्पांना न्यूरोला दाखवायचं ठरलं. तेवढ्यात ती दुपार आली.

मी ड्युटी करून आले, जेवले, अप्पांना जेवायला वाढलं, गोळ्या दिल्या. ते अगदी नॉर्मल होते. भेंडी चांगली झालीय म्हणाले. मी झोपले.

आणि मला हॉर्नने जाग आली.

झोपेत होते म्हणून आधी काही वाटलं नाही. हॉर्न, त्याच्या मागून ट्रकची घरघर, ड्रिलचा आवाज. जुन्या सवयीने मी उशी डोक्यावर ओढली. आणि मग लख्खकन कळलं... आवाज आत कसा येतोय?

मी पळाले. अप्पांच्या खोलीतली खिडकी पूर्ण उघडी होती. खुर्ची खिडकीला लावलेली. आणि अप्पा खुर्चीवर नव्हते, ते बाहेर होते. बॉक्स ग्रिलमध्ये. आमच्या ग्रिलला, सगळ्यांच्या असते तशी, आगबिग लागली तर बाहेर पडायला छोटी झडप आहे, कुलूप लावलेली. चावी किचनमध्ये असते. ते कुलूप निघालेलं होतं. झडप बाहेरच्या बाजूला लटकत होती आणि अप्पा त्या चौकोनात बसले होते, दोन्ही पाय बाहेर सोडून, पाच मजल्यांच्या वर. डाव्या हाताने एक गज धरलेला, तोच हात, ज्याच्यात जोर नव्हता.

मी ओरडले असणार. पण रस्त्याचा आवाज इतका होता की माझा मलाच ऐकू आला नाही. खुर्चीवर चढून मी अर्धी बाहेर गेले आणि मागून त्यांच्या काखेत हात घातले.

ते दचकले नाहीत. खाली बघत नव्हतेच ते. समोर बघत होते, आपल्याच उंचीवर, हवेत. मान इकडून तिकडे वळवत होते, गर्दीत चुकलेला माणूस बघतो तशी. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "अप्पा, आत चला! अप्पा!"

ते वैतागून म्हणाले, "अगं थांब! हा आवाज बंद करा आधी. तो कुठून बोलतोय ते ऐकू येत नाहीये मला..."

एवढंच. ते गोंधळून बसून राहिले होते. खिडकी उघडल्यावर रस्त्याचा आवाज आला आणि हाक त्यात बुडाली. नाहीतर ते कधीच... जाऊ दे, ते मी लिहीत नाही.

पेशंट उचलायची सवय कामाला आली. कसं ओढलं ते आठवत नाही, पण आम्ही दोघं खोलीतल्या फरशीवर पडलो, एक कुंडी फुटली, माझी कोपरं सोलवटली. अप्पा माझ्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत होते. मी हात लांब करून खिडकी लावायला गेले, सवयीने... आणि थांबले. तशीच उघडी ठेवली. संदीप ऑफिसमधून येईपर्यंत मी त्या गोंगाटात अप्पांना धरून बसले होते. इतका छान आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

संदीपने उघडी झडप पाहिली आणि स्वतःच हात घालून ती आत ओढून घेतली. त्याने पुन्हा वाद घातला नाही. काच काढायची म्हटल्यावर त्यानेच दुकानात फोन केला. दुकानातली माणसं म्हणाली, मॅडम, खिडकी काढून पुन्हा सरकती लावणारं गिऱ्हाईक आम्ही पहिल्यांदाच बघतोय. काही प्रॉब्लेम आहे का? मी म्हटलं, गुदमरायला होतं. ग्रिलच्या झडपेला वेल्डिंग करून घेतलं.

नव्याने बसवलेल्या सरकत्या खिडक्यांतून रस्ता पुन्हा आत आला. अप्पा हळूहळू सावरले. त्या दुपारबद्दल कधी बोलले नाहीत, मी विचारलं नाही. एकदा फक्त, पेपर वाचता वाचता, मान वर न करता म्हणाले, "कारण सापडलं नाही गं आपल्याला."

काही महिन्यांनी ते गेले. झोपेत, भर दुपारी, घरात, मी शेजारच्या खोलीत असताना. वय झालेलं, हार्ट थांबलं. आदल्या रात्रीच हळदीचा डीजे पहाटेपर्यंत चाललेला, त्यावरून सकाळी त्यांनी शिव्या दिलेल्या. मी त्यांची नाडी पाहिली, डोळे मिटले, चादर बदलली. मी एरवी पेशंटसाठी रडत नाही. त्या दिवशी रडले. आईवडील लवकर गेले माझे, मला पोरी म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

इथवर असतं तर मी लिहिलं नसतं. आजारी मेंदू आणि झोप नसलेली नर्स, असं म्हणून संपवलं असतं. संदीप अजून तेच म्हणतो.

आमच्या खाली, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. तो एका कुटुंबाने घेतला. साताऱ्याकडचे, मोहिते. ताई स्वभावाने मोकळ्या. अप्पा गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी आले ते, त्यांनी अप्पांना पाहिलेलं नाही. राहायला येण्याआधी त्यांनी सगळ्या घराला साउंडप्रूफ खिडक्या बसवून घेतल्या. ते काम चाललेलं दिसलं तेव्हा मी जिन्यातच थांबले. पण सांगणार काय? आणि म्हटलं, घर वेगळं, माणसं वेगळी.

मागच्या महिन्यात त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या. भाजीची पिशवी, घाम पुसत हसतायत. "काय हो वैशालीताई, एवढ्या आवाजात कसं राहता तुम्ही? आमच्याकडे बघा, टाचणी पडली तर ऐकू येते."

मी नुसती हसले.

"फक्त एक सांगू का, राग मानू नका हं," त्या म्हणाल्या. "ते आजोबा, तुमचे सासरेच ना, त्यांना जरा सांगा ना. दुपारी फार हाका मारतात. आमच्या सासूबाईंची झोप मोडते."

लिफ्ट चौथ्यावर थांबली होती. त्या दारात पाय अडकवून उभ्या होत्या, दार सारखं बंद व्हायला बघत होतं.

मी विचारलं, "कोणाला हाका मारतात?"

"अहो, तुम्हालाच की! 'वैशाली... पोरी, उघड' असं. मी सासूबाईंना म्हटलं पण, बिचारे दाराबाहेर अडकत असतील, आणि ताई नाईट करून गाढ झोपलेल्या. त्यांना एक चावी करून द्या ना."

मी काय बोलले असेन? "देते" म्हणाले. दार बंद झालं. मी पाचव्यावर उतरले आणि कुलूप उघडायला मला खूप वेळ लागला.

मोहितेताईंना नंतर कोणीतरी सांगितलं असावं, त्या आता समोर आल्या की बोलणं तोडतात. पण खिडक्या त्यांनी काढलेल्या नाहीत. मी संदीपला सांगितलं नाही. डे ड्युटीसाठी अर्ज केलाय. हाकेचं कारण माझ्याकडे नाही. डक्ट, मेंदू, झोप, सगळं लावून पाहिलं, कशातच पूर्ण बसत नाही. इथल्या कोणाला काही सुचत असेल तर सांगा, पण शांती-पूजा वगैरे सांगू नका. अप्पांना आवडलं नसतं.

आमच्या घरात मला काहीच ऐकू येत नाही. फक्त रस्ता. मी दुपारी खिडक्या सताड उघड्या टाकून झोपते आणि झोप लागते. पण हल्ली जिन्याने उतरते तेव्हा चौथ्या मजल्यावर पाय रेंगाळतात. बेल वाजवावी, ताईंना सांगावं की पाच मिनिटं तुमच्या खिडकीशी बसू द्या. अप्पांचा आवाज ऐकून किती दिवस झाले. अजून तरी बेल वाजवलेली नाही.